घना वाचविणारा पक्षितपस्वी : डॉ. सलीम अली

जयपूर : जयपूरच्या पूर्वेस सुमारे १८० किलोमीटरवर असलेल्या भरतपूरच्या घना अभयारण्यात शिकारींची नोंद कोरलेला एक शिलालेख आजही उभा आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेल्याचे तो सांगतो. योगायोग असा, की तो डॉ. सलीम अली यांचा बेचाळिसावा वाढदिवस होता. ही शिकारभूमी पुढे पक्ष्यांची आश्रयभूमी ठरली, त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

१८९६ साली मुंबईत जन्मलेले सलीम अली बालपणीच पोरके झाले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावरील पिवळ्या ठिपक्याने त्यांचे कुतूहल जागे केले आणि तीच चिमणी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारी घेऊन गेली.

उपजीविकेचा मार्ग मात्र खडतर होता. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र सर्वेक्षणात त्यांना स्थान मिळाले नाही. मुंबईच्या संग्रहालयातील व्याख्यात्याची नोकरी मिळाली. तेथून ते रजा घेऊन बर्लिनला गेले व एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतले, तेव्हा निधीअभावी ते पदच रद्द झाले होते.

पत्नी तहमिना यांच्यासह त्यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे समुद्रकाठी बिऱ्हाड केले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून पत्करते आणि मग नर दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो, हे त्यांनी नोंदले. बेकारीच्या काळातील या अभ्यासाने त्यांना शास्त्रज्ञ म्हणून मान्यता मिळवून दिली.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन आदी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी मानधनाविना केली. मोहिमेचा खर्च संस्थानाने करावा, एवढीच अट असे. १९३९ मध्ये तहमिना यांचे निधन झाले. हा आघात सोसून त्यांनी काम चालूच ठेवले. कच्छच्या रणातील रोहित पक्ष्यांच्या विणीचा त्यांनी मागोवा घेतला.

स्वातंत्र्यानंतर घना परिसरातील पाणथळ जमीन शेतीसाठी वाटून देण्याची मागणी पुढे आली. सलीम अली यांनी पंतप्रधान नेहरू यांच्यापर्यंत विषय नेला आणि पाणथळ वाचली. पुढे सोसायटीच्या स्थलांतर प्रकल्पात, पक्षी पकडण्यात वाकबगार असलेल्या मीरशिकारांच्या साहाय्याने, येथे हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी चढविण्यात आली. त्यांतील काहींचा ठावठिकाणा थेट सोव्हिएत भूमीवर लागला. १९८५ मध्ये घनाचा जागतिक वारशात समावेश झाला.

या यशाला वेदनेची किनारही आहे. सलीम अली यांनी आग्रह धरलेली चराईबंदी १९८२ मध्ये लागू झाली. तिला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात काहींना प्राण गमवावे लागले. त्यांच्याच सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून पुढे निष्कर्ष निघाला, की म्हशी चरत होत्या तेव्हा गवत आटोक्यात राहत होते; बंदीनंतर ते माजले आणि त्याने पाणथळ कोंडली. स्वतःच्या प्रमुखाचे मत चुकले हे नोंदविणारी ही निरीक्षणशिस्त सलीम अली यांनीच घालून दिलेली होती.

१९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण लाभले. त्याच वर्षी मिळालेल्या जे. पॉल गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गकार्यासाठी सोसायटीला दिली. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यात मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावरील खारफुटीचे अभयारण्य आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. किनाऱ्यांवर आणि पाणथळींवर पहाटे दुर्बीण व वही घेऊन विनामोबदला पक्षिगणना करणारे स्वयंसेवक त्यांचीच वाट चालत आहेत.