पाय कापला, पण कशासाठी? ही नोंद मागणाऱ्या नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०-१९१०) म्हटलं की हातातला दिवा आठवतो. दवाखान्याच्या नोंदवहीत त्यांनी घातलेलं लक्ष मात्र फारसं कुणी सांगत नाही.

१८५४ मध्ये स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात मृत्यूंच्या नोंदींचा गोंधळ त्यांनी पाहिला. लंडनच्या रुग्णालयांतही प्रत्येकाची पद्धत निराळी. १८६० च्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांचे एकसारखे तक्ते मांडले गेले. नंतर शस्त्रक्रियांसाठी त्यांनी वेगळा तक्ता सुचवला: रुग्णाचं वय, कोणत्या आजाराने वा अपघाताने शस्त्रक्रिया करावी लागली, पुढे काय झालं.

पाय अपघातामुळे कापला की रोगामुळे, हेच लिहिलं नाही तर दोन रुग्णालयांतल्या मृत्यूंची तुलना करायची कशी? नोंदी ठेवण्याचा व्याप मोठा, म्हणून रुग्णालयांनी ते तक्ते पुढे सोडून दिले. आजही नोंदीत नुसतं शस्त्रक्रियेचं नाव असेल, तर ती गरजेची होती का, हे कळत नाही.