न्यूटनला लिहितं करणारा हॅली

न्यूटनचे गतीचे तीन नियम आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केले आहेत. मराठी माध्यमात शिकलेल्यांना जडत्व, संवेग, क्रिया आणि प्रतिक्रिया हे शब्द अजून आठवत असतील. आपली मुलं इथे तेच इनर्शिया, मोमेंटम म्हणून शिकतात. पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला! पण ज्या माणसानं हे नियम लिहिले त्याला आपलं काम छापायची मुळीच हौस नव्हती. एका मित्रानं मागे लागून ते लिहून घेतले आणि पदरचे पैसे घालून छापले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा नसते.

लंडनहून ए-वन रस्त्यानं उत्तरेकडे जाताना ग्रँथमच्या अलीकडे वूल्सथॉर्प नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या दगडी घरात आयझॅक न्यूटन जन्मला. त्या वेळच्या इंग्लंडच्या कॅलेंडरप्रमाणे तारीख होती २५ डिसेंबर १६४२. आजच्या कॅलेंडरप्रमाणे ४ जानेवारी १६४३. वडील तीन महिने आधीच वारले होते. पोर अपुऱ्या दिवसांचं, इतकं लहान की जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तीन वर्षांचा झाला तेव्हा आईनं दुसरं लग्न केलं आणि त्याला आजीजवळ ठेवून ती नवऱ्याच्या गावी गेली. हे त्याच्या मनाला किती लागलं असेल? एकोणिसाव्या वर्षी त्यानं स्वतःच्या पापांची यादी वहीत लिहिली, त्यात आई आणि सावत्र वडिलांना घरासकट जाळण्याची धमकी दिल्याची नोंद आहे. माणसांवर चटकन विश्वास न टाकणं आणि टीका सहन न होणं, हे दोन्ही स्वभाव जन्मभर राहिले.

आईला वाटत होतं, मुलानं शेती बघावी. पण याचं लक्ष गुरांकडे कमी आणि पुस्तकांत जास्त. शेवटी मामा आणि हेडमास्तर यांनी तिची समजूत घातली आणि १६६१ साली तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला, तोही श्रीमंत विद्यार्थ्यांची वरकामं करून शिकणारा विद्यार्थी म्हणून. आपल्याकडे वार लावून शिकत, त्यातलाच प्रकार.

१६६५ मध्ये प्लेग आला, विद्यापीठ बंद पडलं आणि न्यूटन गावी परतला. पुढची जवळजवळ दोन वर्षं बहुतेक काळ तो तिथेच होता. म्हणजे इकडे पुरंदरचा तह आणि आग्र्याहून सुटका चालू होती, तेव्हा हा तेवीस वर्षांचा मुलगा कॅल्क्युलस, प्रकाशाचे रंग आणि गुरुत्वाकर्षण यांचा विचार करत होता. यातलं त्यानं त्या वेळी काय छापलं? काहीच नाही.

१६६९ मध्ये तो केंब्रिजला गणिताचा प्राध्यापक झाला. १६७२ मध्ये प्रकाशावरचा पहिला लेख रॉयल सोसायटीकडे पाठवला, तर रॉबर्ट हूक यांनी त्यावर टीका केली. झालं! न्यूटननं हळूहळू सगळ्यांशी संबंध तोडत आणले आणि किमयेच्या व बायबलच्या अभ्यासात स्वतःला गाडून घेतलं.

इथे एडमंड हॅली येतो, धूमकेतूवाला हॅली. ऑगस्ट १६८४ मध्ये तो मुद्दाम केंब्रिजला गेला. लंडनमधल्या विद्वानांना न सुटलेला एक प्रश्न त्यानं विचारला: सूर्याचं आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर ग्रहाची वाट कशी असेल? न्यूटननं ताबडतोब सांगितलं, लंबवर्तुळाकार. हे त्यानं पूर्वीच गणितानं काढलं होतं, पण तो कागदच सापडेना! पुन्हा मांडून पाठवायचं कबूल केलं आणि नोव्हेंबरात हॅलीच्या हाती नऊ पानं पडली. आज आपण शिकतो ते तीन नियम त्या पानांत तसे नव्हते. हॅलीनं पिच्छा सोडला नाही, म्हणून पुढच्या दीड-दोन वर्षांत ते घडत गेले.

काय आहेत हे नियम? मोटारवेवर करकचून ब्रेक लागला की गाडी थांबते, पण आपण पुढे जात राहतो. सीटबेल्ट अडवतो म्हणून वाचतो. हा पहिला. गती टिकायला सतत ढकलावं लागतं, ही ॲरिस्टॉटलपासूनची समजूत गॅलिलिओ आणि देकार्त यांनी हलवली होतीच, न्यूटननं तिला पक्का पर्याय दिला. सुपरमार्केटमधली रिकामी ट्रॉली सहज पळते, भरलेलीला तेवढाच वेग द्यायला जास्त जोर लागतो, हा दुसरा. आणि दिवाळीतला बाण खाली वायू फेकतो, तो वायू बाणाला वर रेटतो, हा तिसरा. ट्रॉलीला आणि चंद्राला नियम एकच, ही खरी नवी गोष्ट होती.

पुस्तक तयार होत असताना हूकनं श्रेय मागितलं. न्यूटन इतका भडकला की ग्रहांविषयीचा तिसरा भाग द्यायचाच नाही म्हणाला. हॅलीनं पत्रं लिहून त्याला शांत केलं. त्यात रॉयल सोसायटीचे पैसे माशांवरच्या एका महागड्या ग्रंथात अडकलेले. तेव्हा छपाईचा खर्च हॅलीनं स्वतः केला. सोसायटीनं त्याच्या पगारापोटी त्याला त्याच माशांच्या पुस्तकाच्या प्रती दिल्या! जुलै १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' बाहेर आलं. तीन नियम अगदी सुरुवातीला आहेत.

पुढे न्यूटनला मान भरपूर मिळाला. १६९६ मध्ये तो टाकसाळीचा अधिकारी झाला, १७०३ मध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष, १७०५ मध्ये सर. भांडणं मात्र सुटली नाहीत. लायब्निझशी कॅल्क्युलसवरून झालेला वाद तर शेवटपर्यंत पुरला. १७२७ मध्ये तो वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरलं.

आणि हॅली? न्यूटनचेच नियम वापरून त्यानं सांगितलं की १६८२ चा धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. १७४२ मध्ये तो गेला. १७५८ च्या नाताळात धूमकेतू दिसला! आपल्यातल्या काहींनी तो १९८६ मध्ये गच्चीवरून शोधला असेल. आता तो २०६१ मध्ये येणार आहे. आपली मुलं तेव्हा तो पाहतील. त्यांच्यात कुणी अबोल, स्वतःत रमणारं मूल असेल, तर त्याच्या वहीत काय आहे हे आपुलकीनं विचारणारं कुणीतरी त्याला भेटो. ते काम आपल्यालाही करता येण्यासारखं आहे.