नाथांची जीभ

शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराज पैठणचे, भक्तराज भानुदासांचे पणतू. जन्म इ. स. १५३३ च्या सुमाराचा. आईबाप लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढविले, पुढे देवगिरीस जनार्दनस्वामींचे चरण लाभले. हे वारकरी मंडळींना पाठच आहे. आज लिहावयाचे ते त्यांच्या जिभेविषयी.

पैठण म्हणजे पंडितांचे गाव. कुणाला काय म्हणावे हे जन्मावरून ठरे. जातीचे नाव घेतले की निम्मी शिवी दिल्यासारखेच. नाथ त्याच बोलीत वाढले. पण त्यांनी जोहाराची भारुडे रचिली आणि गावकुसाबाहेरच्या महाराला बोलते केले. शब्द गावचेच, ज्ञान मात्र त्याच्या तोंडी. भारूड म्हणणाऱ्याला घटकाभर तरी महार व्हावेच लागते! हिंदु-तुर्क संवादात तर काहीच झाकलेले नाही. दोघे एकमेकांच्या देवाला नि शास्त्राला यथेच्छ टोचतात, आणि सगळे बोलून झाल्यावर नमस्कार करून आलिंगन देतात.

आमच्या नवी मुंबईत, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात, साताऱ्याकडच्या माथाडीला कुणी ‘घाटी’ म्हटले की झोंबते. उत्तरेकडच्याला ‘भय्या’ म्हटलेले असेच लागते. मुळात शब्द साधे, एक घाटावरचा, दुसरा भाऊ. विष असते ते सुरात. गळ्यात माळ असून आपल्याही तोंडून तो सूर निघतो, खोटं कशाला बोला?

गोदास्नान करून येताना एक यवन नाथांच्या अंगावर थुंके, नाथ पुन्हा स्नानास जात. असे एकशे आठ वेळा झाले, असे चरित्रकार सांगतात. ही कथा सांगताना आपलाच आवाज चढतो. त्या माणसाच्या धर्माचे नाव आपण दातओठ खाऊन घेतो, आणि कथा उलटीच होऊन बसते. नाथांनी त्याला एक वावगा शब्द काढला नाही. उलट इतकी स्नाने घडली म्हणून त्याचेच उपकार मानले.

घरातली परीक्षा याहून अवघड. पुत्र हरिपंडित मोठे शास्त्री. वडील प्राकृतात पुराण सांगतात याची त्यांना लाज वाटे. रुसून काशीस गेले. नाथांनी त्यांना समजावून परत आणले, मराठी सांगणे थांबविण्याची अटही मान्य केली. मग श्रोते येईनात, वाडा ओस पडला. अखेर हरिपंडितांनीच पुन्हा मराठीत सांगा म्हणून वडिलांचे पाय धरले.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदेत देह ठेविला.