दंतपंक्तीचे गणित मांडणारा : डॉ. एडवर्ड अँगल

घास तोंडात घालावा, चावावा आणि गिळावा, ही क्रिया आपण दिवसातून शेकडो वेळा करतो. परंतु तिच्यामागे केवढी मोठी व्यवस्था उभी आहे याचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. वरचे दात खालच्या दातांवर नेमके बसावे लागतात, जबड्याचा सांधा सुरळीत फिरावा लागतो, गालांचे व कानशिलांचे स्नायू एकाच तालात आकुंचन पावावे लागतात आणि जिभेने घास पुनःपुन्हा दाढांखाली लोटावा लागतो. या व्यवस्थेचा पाया म्हणजे दातांचा परस्परांशी बसणारा मेळ. तो मेळ कसा ओळखावा आणि बिघडला असता कसा सुधारावा याचे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्या डॉ. एडवर्ड हार्टली अँगल यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, हेरिक या खेड्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. पुस्तकापेक्षा हत्यारांत त्यांचे मन अधिक रमे. हाताच्या या कसबास दंतवैद्यकात वाव मिळेल असे दिसल्यावरून त्यांना एका दंतवैद्याच्या हाताखाली उमेदवारीस ठेवण्यात आले. पुढे १८७८ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातील दंतवैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाले. परंतु छातीच्या विकाराने त्यांना चालू व्यवसाय सोडावा लागला. हवापालटासाठी ते पश्चिमेकडे गेले. मोंटाना प्रांतात भावासमवेत त्यांनी मेंढपाळीचा उद्योगही करून पाहिला. एका कडक हिवाळ्याने तो कळप नष्ट केला आणि ते मिनिआपोलिस येथे येऊन पुन्हा दातांकडे वळले. दैवाचा हा आघात दंतशास्त्राच्या पथ्यावर पडला, असेच म्हणावे लागेल.

त्या काळी वेडेवाकडे दात सरळ करणे हे दंतवैद्याचे एक किरकोळ काम समजले जाई. जो दात पुढे आला असेल तो मागे ढकलावा, किंवा जागा पुरत नसेल तर एखादा दात उपटून टाकावा, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होई. अँगल यांची दृष्टी निराळी होती. एकेका दाताकडे न पाहता वरची आणि खालची ओळ मिटलेल्या जबड्यात एकमेकींशी कशी जुळते, हे त्यांनी पाहिले. १८९९ मध्ये त्यांनी आपले प्रसिद्ध वर्गीकरण मांडले. वरच्या पहिल्या कायमच्या दाढेचा पुढचा बाहेरील उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या बाहेरील खाचेत बसला पाहिजे, हे त्याचे सूत्र होय. दाढा अशा बसूनही इतर दात वाकडे असतील तर तो पहिला वर्ग; खालची दाढ प्रमाणाबाहेर मागे असेल तर दुसरा; आणि पुढे असेल तर तिसरा. ही विभागणी इतकी सुटसुटीत होती, की आजही जगभरचे विद्यार्थी तिच्यापासूनच अभ्यासास आरंभ करतात.

हा मेळ बिघडल्याने काय होते? पुढचे दात मिटत नसतील तर भाकरीचा तुकडा तोडणे कठीण जाते. दाढा नीट न भिडल्यास घास बारीक होण्यास अधिक वेळ लागतो. वरचे दात फार पुढे आलेले असतील तर पडल्यावर ते दुखावण्याचा धोका वाढतो. खालचे दात टाळूला टेकत असतील तर तेथील मांसल भागास इजा होते. दाढांची एक बाजू उलटी बसत असेल तर तोंड मिटताना जबडा एकीकडे सरकतो. अर्थात, दातांचा थोडा वाकडेपणा म्हणजे रोग नव्हे, आणि जबड्याच्या सांध्याच्या प्रत्येक दुखण्याचे कारण दातांत शोधू नये, हेही आता कळून चुकले आहे.

अँगल केवळ सिद्धांत मांडून थांबले नाहीत. १९०० मध्ये सेंट लुईस येथे त्यांनी या एकाच विषयाची स्वतंत्र शाळा काढली. या शाखेच्या अमेरिकेतील पहिल्या संस्थेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. दात हलविण्याची साधने ते स्वतः घडवीत आणि पहिल्यातील उणीव ध्यानात येताच दुसरे घडवीत. सत्तरीच्या घरात असताना त्यांनी चौकोनी खाचेत बसणाऱ्या चौकोनी तारेचे साधन सिद्ध केले. त्यायोगे दाताचे मूळ व शिर दोन्ही हव्या त्या दिशेस वळविता येऊ लागली. या सर्व कार्यात त्यांच्या पत्नी अ‍ॅना हॉपकिन्स अँगल, ज्या स्वतः दंतवैद्यकाच्या पदवीधर होत्या, त्यांना अखेरपर्यंत साह्य करीत होत्या.

तथापि या थोर पुरुषाच्या स्वभावात एक हट्ट होता. निसर्गाने दिलेले सर्व दात जबड्यात मावलेच पाहिजेत, एकही दात काढू नये, असे त्यांचे ठाम मत बनले. १९११ मध्ये कॅल्व्हिन केस यांनी, काही रुग्णांच्या बाबतीत दात काढणे अवश्य असते असे प्रतिपादन केले, तेव्हा अँगल यांच्या अनुयायांनी त्यांना कडाडून विरोध केला. ११ ऑगस्ट १९३० रोजी सांता मोनिका येथे अँगल यांचे निधन झाले. त्यांचे निष्ठावंत शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी गुरूच्या पद्धतीने काही वर्षे उपचार केले आणि मग आपल्याच रुग्णांची प्रामाणिकपणे तपासणी केली. अनेकांचे दात पुन्हा वाकडे झाले होते, ओठ पुढे आले होते. मनावर दगड ठेवून त्यांनी काही दात काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये ते निष्कर्ष सर्वांसमोर ठेवले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या नव्या उपचारासाठी त्यांनी वापरलेले साधन गुरूचेच होते. गुरूची विद्या शिरोधार्य मानूनही गुरूची चूक दुरुस्त करता येते, याहून चांगला धडा कोणता?

आमच्या बालवाचकांस आणि त्यांच्या पालकांस जाता जाता एक सूचना करावीशी वाटते. अँगल यांनी ज्या दाढेस एवढे महत्त्व दिले, ती साधारणपणे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे निमूटपणे उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून घरोघरी ती दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी पडून नवी येईल या भरवशावर तिची हेळसांड होते. ती पुन्हा येत नाही. आज रात्री दात घासताना आरशासमोर उभे राहून ही दाढ शोधावी आणि तिला नीट जपावे. डॉ. अँगल यांच्या स्मृतीस तेच खरे अभिवादन ठरेल.