राक्षसाच्या पंजाचे गणित

फळ्यावर एका राक्षसाच्या पंजाचा भलामोठा ठसा. मुलांनी आपला हात त्याच्याशी ताडून पाहायचा आणि ठरवायचे, की या राक्षसाला वाचायला पुस्तक केवढे लागेल? पंजा आपल्या चौपट असेल तर पुस्तकाची लांबी चौपट, रुंदीही चौपट. म्हणजे प्रत्येक पानाला कागद मात्र १६ पट! गुणोत्तर आणि क्षेत्रफळ असे हसतखेळत शिकवणारे पाठ नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात तयार झाले. त्यामागे होते गणितज्ञ हान्स फ्रॉयडेंथाल.

त्यांचा जन्म १९०५ मध्ये जर्मनीतील लुकेनवाल्डे येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनमध्ये शिकून १९३० मध्ये ते ब्राउवर या नामवंत गणितज्ञाचे सहायक म्हणून अ‍ॅमस्टरडॅमला आले. टोपॉलॉजी या अमूर्त शाखेतील एक प्रमेय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९४० मध्ये नाझींनी देश व्यापला आणि ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठाबाहेर काढण्यात आले. सक्तीने घरी बसावे लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या मुलांना अंकगणित शिकवायला घेतले आणि ते कसे शिकवावे याचा अभ्यासही सुरू केला. पुढे त्यांची रवानगी श्रमछावणीत झाली. १९४४ मध्ये पत्नीच्या मदतीने ते तेथून निसटले. युद्धानंतर, १९४६ मध्ये ते उट्रेख्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९६० च्या दशकात अनेक देशांत 'नवे गणित' आले आणि लहान मुलांना आधी संचांच्या व्याख्या शिकवल्या जाऊ लागल्या. फ्रॉयडेंथाल यांनी याला विरोध केला. गणितज्ञ व्याख्येपर्यंत सर्वांत शेवटी पोहोचतो. तीच मुलाच्या हाती सर्वांत आधी देणे म्हणजे उलटी गंगा, हा त्यांचा मुद्दा होता. आधी प्रसंग, मग मुलांचे स्वतःचे मार्ग आणि शेवटी सूत्र, हा क्रम त्यांनी मांडला. १९६८ मध्ये त्यांनी गणित-शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियतकालिक सुरू केले. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली उट्रेख्टमध्ये संशोधन संस्था उभी राहिली आणि डच पाठ्यपुस्तकांचे रूप पालटले.

१९९० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने पुढे संगणकावर आकृत्या आणि आलेख हाताळून शिकण्याची साधनेही तयार केली. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीतील गणिताच्या प्रश्नांवरही याच विचाराची छाप आहे.

उदाहरणात नुसते आंबे आणि पेरू घातले म्हणून गणित व्यवहारातले होत नाही. जो प्रश्न गणिताशिवाय सुटतच नाही, तो खरा. दोन मोबाइल रिचार्जपैकी आपल्या घराला कोणता परवडेल? हे आज मुलांना ठरवू द्या. सूत्र नंतर सांगता येईल.