केडगावचा भरवसा

बोरीच्या आमच्या घरात आईची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात बायबल, रेशनकार्ड आणि उधारीच्या चिठ्ठ्या एकत्रच असत. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडी, येताना सुकडी पदराला बांधून आणी आणि रात्री त्या पेटीपाशी गुडघे टेकून प्रार्थना करी. देव पुरवील यावर तिचा भरवसा होता. मला मात्र त्या भरवशाचा राग येई. देव पुरवणारच होता, तर आईच्या हातांना घट्टे कशाला?

पुढे कधीतरी पंडिता रमाबाईंचं चरित्र हाती आलं आणि माझा तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. कारण या बाईंनी देवावर भरवसा ठेवायला सांगितलं, ते पोटभर जेवून नव्हे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. समाजाचा रोष पत्करून त्यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा दागिने गेले, भांडीकुंडी गेली, शेवटचा पैसाही देवकार्यात आणि दानधर्मात गेला. देव प्रसन्न होईल ही आशा होती. शेवटी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर निघाले. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडत राहिले.

१८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवलं. पण दोन वर्षांत भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. पदरी मनोरमा, दहा महिन्यांची. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं आणि बालविधवांसाठी मदत उभी केली. तिथल्या मंडळाने दहा वर्षं साहाय्य देण्याचं कबूल केलं, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडलं. ते पुण्यात आल्यावर १८९३ मध्ये धर्मांतराचा वाद पेटला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत.

दहा वर्षांची मुदत कधीतरी संपणारच, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून दौंडजवळच्या केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर मुलींचं पोट भरावं हा हिशेब. याच काळात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांची हकिगत त्यांच्या वाचनात आली. कुणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर त्यांनी हजारो अनाथ मुलं वाढवली होती. आपल्या मुलखात हे जमेल का, असा विचार रमाबाईंच्या मनात घोळू लागला.

उत्तर लवकरच द्यावं लागलं. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ठरावीक मदत होती ती थोडक्या मुलींपुरती, आणि नव्या बागेवर शेकडो पोटं भरणार कशी? व्यवहार म्हणत होता, जाऊ नका. पण स्वतःचे ते अकरा दिवस त्या विसरल्या नव्हत्या. त्या गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनात जवळजवळ २,००० जीव होते. मुक्तीला कायमचं उत्पन्न नव्हतं. येईल त्या देणगीवर आणि प्रार्थनेवर रोजची चूल पेटे.

पण तिथे कुणी हात बांधून बसलं नव्हतं. मुली शेतात राबत, विणकाम करत, तेल गाळत, छापखान्यात खिळे जुळवत. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल आणायला घेतलं, तेही याच छापखान्यासाठी. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी. तरी काम थांबलं नाही. भाषांतर हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले.

हे सारं वाचून माझा प्रश्न सुटला का? पुरता नाही. रमाबाईंच्या आईवडिलांची श्रद्धाही खरीच होती, आणि ती माणसं उपाशी मेली. म्हणून भरवसा ठेवला की पैसा येतोच, असं मी कुणाला सांगणार नाही. मला उमगलं ते इतकंच, की रमाबाईंनी उद्याची काळजी देवावर सोपवली ती आजचं काम मोकळ्या मनाने करता यावं म्हणून. काळजीने ग्रासलेला माणूस आधी आपलं दार लावून घेतो. रमाबाईंनी दुष्काळात दार उघडलं.

यंदा आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. कर्जाचा हप्ता उरावर आहे. परवा रात्री मुलगा झोपेना, तेव्हा आईची पेटी मी त्याच्यापुढे उघडली. बायबल बाजूला ठेवलं, सगळ्या पावत्या काढल्या, बेरीज केली. बेरीज मोठीच निघाली. मग आम्ही दोघांनी गुडघे टेकले. सकाळी तो बँकेत मुदत मागायला गेला, आणि मी रब्बीच्या हरभऱ्यासाठी रान तयार करायला.

आईच्या हातांना घट्टे का होते, हे आता मी विचारत नाही.