गिटार न वाजवणारा गिटारचा शिल्पकार

आषाढ वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडते आणि सणसर, निमगाव केतकी अशी गावे मागे टाकीत इंदापूरला पोहोचते. सायंकाळी मुक्कामी कीर्तन उभे राहते. मंडपाच्या कडेला बसलेला साऊंडवाला मिक्सरवरचे ‘इको’चे बटण किंचित फिरवतो आणि उघड्या माळावरचा आवाज देवळाच्या गाभाऱ्यात घुमल्यासारखा वाटू लागतो. तेच बटण जरा जास्त फिरले, तर शब्दावर शब्द चढतो आणि अभंग कळेनासा होतो. येथे माइकचा क्षीण आवाज आधी सशक्त केला जातो, त्याचा काही भाग बाजूला नेऊन त्याला प्रतिध्वनीची जोड दिली जाते, तो परत मूळ आवाजात मिसळला जातो आणि मगच सारे मुख्य अ‍ॅम्प्लिफायरकडे व कर्ण्यांकडे जाते. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील ‘इफेक्ट्स लूप’चे तत्त्वही हेच आहे. गिटारच्या दुनियेत आवाजाच्या या प्रवासाला ज्यांनी वळण लावले, त्यांत लिओ फेंडर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. विशेष म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अ‍ॅनाहाइमजवळ झाला. आईवडील संत्र्यांच्या बागा पिकवणारे शेतकरी. बालपणीच एका आजारात लिओ यांचा एक डोळा गेला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवावा लागला. मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान चालवणाऱ्या एका नातलगाने तेरा वर्षांच्या लिओला जुन्या सुट्या भागांची पेटी भेट पाठवली. पुढच्या वर्षी त्याच दुकानात त्याने मोठ्या कर्ण्याचा रेडिओ ऐकला. त्या आवाजाने मुलाच्या मनावर कायमची मोहिनी घातली.

तरीही आरंभीचे शिक्षण झाले ते हिशेबनिशीचे. विजेचे ज्ञान त्यांनी कोणत्याही महाविद्यालयात घेतले नाही. रेडिओ उघडावा, बिघाड शोधावा आणि दुरुस्त करावा, हीच त्यांची पाठशाळा. याच काळात नृत्यसंगीताच्या एका वाद्यवृंदाच्या प्रमुखाने त्यांच्याकडून सहा ध्वनिक्षेपण संच बनवून घेतले. १९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मात्र महामंदीने हिशेबनिसाची नोकरी हिरावून घेतली. अखेर १९३८ मध्ये ६०० डॉलरचे कर्ज काढून त्यांनी फुलर्टन येथे ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ नावाचे दुकान उघडले. रेडिओ दुरुस्तीबरोबरच ध्वनिक्षेपक भाड्याने देणे हाही त्या दुकानाचा व्यवसाय होता. लग्नसराईत आणि जत्रांत गावोगाव स्पीकर लावणारा आपल्याकडचा साऊंडवाला आणि त्या काळचे फेंडर यांच्यात फारसे अंतर नव्हते.

दुकानात येणाऱ्या वादकांच्या तक्रारी हेच त्यांच्या संशोधनाचे भांडवल ठरले. अ‍ॅम्प्लिफायर प्रवासात खिळखिळे होत, मोठ्या सभागृहात आवाज पुरत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत त्यांनी हवाईयन गिटार आणि तिचे अ‍ॅम्प्लिफायर बनवण्यास प्रारंभ केला. १९४६ मध्ये कॉफमन बाजूला झाले आणि फेंडर यांनी स्वतःची कंपनी उभी केली. पोकळ लाकडी गिटारचा आवाज वाढवला, की माइक शिट्टी मारतो तशी तीही कर्कश किंचाळू लागे. त्यावर भरीव लाकडाची गिटार हा उपाय फेंडर यांनी बाजारात रुजवला. १९५१ मध्ये ‘टेलिकास्टर’ हे नाव रूढ झाले, त्याच वर्षी ‘प्रिसिजन बास’ आला आणि १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’. टेलिकास्टरचा दांडा स्क्रूने जोडलेला होता. तो खराब झाला तर सहज बदलता यावा, हा दुरुस्ती करणाऱ्याचा विचार त्यामागे होता.

अ‍ॅम्प्लिफायरबाबतही दृष्टी तीच. आतील मांडणी इतकी स्वच्छ, की कोणत्याही गावच्या कारागिराला ती उलगडावी. स्वतःला वाजवता येत नसल्याने फेंडर यांनी वादकांच्या कानांवर भिस्त ठेवली. नमुना तयार झाला, की तो एखाद्या कार्यक्रमात वाजवायला द्यायचा, तो कुठे तुटतो ते पाहायचे आणि पुन्हा कामाला लागायचे, असा त्यांचा क्रम असे. डिक डेल या दणक्यात वाजवणाऱ्या डावखुऱ्या वादकाने एकामागून एक स्पीकर फाडले, तेव्हा फेंडर आपले सहकारी फ्रेडी टव्हारेस यांना घेऊन त्याच्या नृत्यगृहात गेले आणि गर्दीत उभे राहून ऐकले. प्रयोगशाळेत पुरेसा वाटणारा आवाज माणसांच्या गर्दीत कसा विरून जातो, हे त्यांना तेथे उमगले. त्यानंतर अधिक शक्तीचे अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठे स्पीकर आले.

प्रतिध्वनीची गोष्ट याच काळातील. घरगुती ऑर्गनला चर्चमधील घुमाव मिळावा, म्हणून लॉरेन्स हॅमंड यांच्या कंपनीने स्प्रिंगांचे एक उपकरण विकसित केले होते. विद्युतलहरींची कंपने ताणलेल्या स्प्रिंगांमधून धाडली, की ती आत पुनःपुन्हा आदळतात आणि रेंगाळणारा नाद निर्माण होतो. हे तंत्र घेऊन फेंडर कंपनीने १९६१ मध्ये ‘रिव्हर्ब’ची स्वतंत्र पेटी आणली. ती गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडावी लागे. १९६३ च्या ‘व्हायब्रोव्हर्ब’मध्ये मात्र स्प्रिंगा अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच गेल्या. गिटारचा संकेत प्रीअ‍ॅम्पमध्ये वाढायचा, त्याचा एक फाटा स्प्रिंगांमधून फिरून यायचा, मूळ सुरात मिसळायचा आणि मग पॉवर अ‍ॅम्पकडे जायचा. वादकाला दिसत नव्हते एवढेच. पण पेटीच्या आत एक लूपच तयार झाला होता.

त्याची दारे बाहेर काढण्याची गरज पुढे भासली. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये फेंडर यांच्या ‘बासमन’वर बेतलेला अ‍ॅम्प्लिफायर बनवला; कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी फेंडरच्याच छोट्या ‘प्रिन्स्टन’ची ताकद वाढवून ‘मेसा बूगी’चा पाया घातला. फाटलेला, खरखरीत सूर हा आता दोष न राहता अलंकार झाला आणि तो प्रीअ‍ॅम्पमध्येच तयार होऊ लागला. अशा प्रीअ‍ॅम्पच्या आधी इको जोडला, तर प्रतिध्वनीही फाटतो आणि सारे एकमेकांत कालवले जाते. कोथिंबीर फोडणीत करपवायची नसते, ती शेवटी पेरायची असते; तसाच हा क्रम. म्हणून प्रीअ‍ॅम्पनंतर ‘सेंड’ आणि पॉवर अ‍ॅम्पपूर्वी ‘रिटर्न’ अशी दोन छिद्रे अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर आली.

आज बारामती-इंदापूरकडचा एखादा तरुण पहिला चांगला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला पुण्याच्या दुकानात जातो, तेव्हा हा इतिहास त्याच्या उपयोगी पडतो. वाह आणि ओव्हरड्राइव्ह ही पॅडल गिटारनंतर लगेच, तर डिले, रिव्हर्ब आणि बहुधा कोरस लूपमध्ये, अशी सर्वसाधारण रीत आहे. लूप ‘सीरिज’ असेल तर संपूर्ण सूर पॅडलमधून जातो. ‘पॅरलल’ असेल तर मूळ सूर अबाधित राहून वरून इफेक्ट मिसळतो आणि तेथे पॅडल पूर्णतः ‘वेट’ ठेवावे लागते. लूपची पातळी पॅडलला मानवणारी असावी. ती फार चढी असेल, तर पॅडलचा सूर नको तेथे फाटतो. पातळी बदलण्याची कळ असल्यास उत्तम. सीरिज लूपची सोपी परीक्षा म्हणजे सेंड आणि रिटर्न एका छोट्या तारेने जोडून पाहणे. सूर मंदावला किंवा बोथट झाला, तर लूप सामान्य प्रतीचा समजावा. याउलट ज्याचा अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ सुरात राहतो आणि खरखर पॅडलमधूनच येते, त्याने इको पॅडल रांगेत शेवटी ठेवले तरी भागते. लूपसाठी जादा पैसे मोजण्याचे त्याला कारण नाही.

फेंडर यांचे आयुष्य मात्र सरळ रेषेत गेले नाही. यश शिखरावर असतानाच दीर्घ संसर्गाने त्यांची प्रकृती ढासळली. आपण फार दिवस जगणार नाही या समजुतीने त्यांनी जानेवारी १९६५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरना कंपनी सीबीएसला विकली. काही वर्षांनी एका डॉक्टरच्या उपचाराने ते खडखडीत बरे झाले. पण तोवर त्यांचे स्वतःचे नाव परक्यांच्या मालकीचे झाले होते. ‘फेंडर’ हे नाव आता त्यांनाच आपल्या वाद्यावर घालता येत नव्हते. संपत्ती उदंड होती, निवृत्त होणे सहज शक्य होते. त्यांनी पुन्हा सोल्डरिंगची कांडी हाती घेतली. १९७० च्या दशकात ‘म्युझिक मॅन’साठी आणि १९७९ नंतर जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह स्थापलेल्या ‘जी अँड एल’साठी ते नवी वाद्ये रचत राहिले. एस्थर यांचे १९७९ मध्ये निधन झाले. पुढे पार्किन्सनच्या विकाराने हात कापू लागले, तरी कामावर जाणे थांबले नाही.

२१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही ते कामावर गेले होते. पुढच्याच वर्षी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने त्यांना सन्मानित केले. त्या सभागृहातील बहुतेक नावे वादकांची आणि गायकांची. फेंडर यांनी मात्र जन्मभर दुसऱ्यांचे वादन ऐकले, त्यातील उणीव हेरली आणि पेटी उघडून ती दुरुस्त केली.